फुकट पिशवीची उधारी

पौडच्या बाजारपेठेत सामानाची बेरीज होते, पैसे मोजून होतात आणि शेवटी दुकानदार म्हणतो, "पिशवीचे पाच रुपये वेगळे." तिथून बोलण्याचा सूर बदलतो. कुणी हसून पाचाचं नाणं टाकतं, कुणी "एवढं सामान घेतलं आणि पिशवीचे पैसे?" म्हणून आवाज चढवतं. कुणी काहीच न बोलता सामान दोन्ही हातांत कवटाळून निघून जातं आणि पुन्हा त्या दुकानात दिसत नाही.

खालचा संवाद एका दिवशी, एका दुकानात, असाच्या असा झालेला नाही. चांदणी चौक सोडून मुळशीकडे येताना भूगाव, पिरंगुट, पौड या रस्त्यावर जे बोलणं वर्षानुवर्षं कानावर पडत आलं, ते मी दोन माणसांच्या तोंडी घातलं आहे. एक किराणा दुकानदार, वय पन्नाशीच्या घरात. दुसऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुकानदार चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून कुणाचीही बाजू मी पातळ केलेली नाही.

दुकानदार : या बाई, बसा. स्टूल ओढून घ्या, बाहेर पागोळ्यांखाली भिजाल. चहा सांगतो.

बाई : चहा नको. दोन किलो साखर, पाव किलो चहा आणि एक काड्यापेटी दे. पिशवी आणली आहे मी. तुझा चेहरा का उतरलाय?

दुकानदार : काल एक जुनं गिऱ्हाईक तुटलं. वीस वर्षं महिन्याचा किराणा माझ्याकडून नेतोय. सामान काढलं, बांधलं, चारशे ऐंशी रुपये झाले. मी म्हटलं, पिशवीचे पाच. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सगळं सामान तसंच गल्ल्यासमोर ठेवलं आणि उठून गेला. पलीकडच्या दुकानातून भरलेली पिशवी घेऊन माझ्या दारावरूनच गेला, बाई.

बाई : पाच रुपये त्याला जड झाले असतील असं वाटत नाही.

दुकानदार : पैशाचा प्रश्नच नाही. मुलाच्या लग्नात त्यानं अख्ख्या वाडीला जेवण घातलं. पाच रुपये मागितल्यानं त्याचा मान गेला. आपल्याकडं भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते. भात मापताना शेवटच्या मापावर एक ओंजळ वाढवतात. पिशवी त्यातलीच. त्या ओंजळीचे पैसे मागितले तर माणूस म्हणणारच की, हा आता परका झाला.

बाई : ओंजळीची गोष्ट वेगळी. ते भात तुझं असतं, तुझ्या घरातून जातं, त्याचा भार तू उचलतोस. पिशवीचा भार तू उचलत नाहीस. तू दिलीस, त्यानं नेली, सामान डब्यात गेलं आणि पिशवी उकिरड्यावर. तुमच्या दोघांचा संबंध तिथं संपला. पुढं ती कुणाच्या वाट्याला येते, ते मी सांगते. गेल्या आषाढात ओढ्याकडच्या खाचरात लावणी चालली होती. चिखलात हात घातला तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. ओढायला गेले तर निघेना. एक कान वर आला, बाकीची आत रुतलेली. पोटात माती भरून ती पोटलीसारखी जड झाली होती. त्या एका खाचरातून बायकांनी पाटीभर पिशव्या काढल्या. जी सापडली नाही, तिच्यावर लावलेलं इंद्रायणी भाताचं रोप धरलंच नाही. मुळाला खाली जायला वाटच नव्हती. चार दिवसांनी रोपं पाण्यावर आडवी तरंगत होती.

दुकानदार : ते मी पाहिलंय. आमच्या म्हशीचंही तसंच झालं होतं. उकिरड्यावर उरलेलं अन्न पिशवीत बांधून टाकतात. गाठ तिला सुटत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते.

बाई : मग ही उधारीच झाली की नाही? तुझ्या वहीत तिची नोंद नाही, एवढंच. नेली एकानं आणि मांडली ओढ्याखालच्या शेतकऱ्याच्या नावावर. मुळशीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. टाटांच्या धरणात इथली गावं गेली, वीज मुंबईला गेली. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि इथले मावळे सत्याग्रहाला बसले ते कशासाठी? उजेड एकानं घ्यायचा आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची, हे त्यांना मान्य नव्हतं म्हणून. आणि आज आपण खालच्या माणसाशी तसंच वागतोय. मुळा इथून पुण्याला जाते, तिथं मुठेला मिळते, पुढं भीमेत आणि भीमा उजनीत. आपण ओढ्यात सोडलेलं तिथपर्यंत जातं.

दुकानदार : तुमचं सगळं खरं. पण बाई, या उधारीची वसुली मी एकट्यानं का करायची? सरकारनं काय काय केलं ते जरा आठवा. २०११ मध्ये दिल्लीहून नियम आला की दुकानदारानं पिशवी फुकट द्यायची नाही. दर कोण ठरवणार? नगरपालिका. इथं नगरपालिका होती कुठं? तो नियम आमच्यापर्यंत आलाच नाही. मग २०१६ चा नियम आला. त्यात ग्रामपंचायतीही आल्या. ज्याला पिशवी द्यायची आहे त्यानं नोंदणी करायची आणि महिन्याला कमीत कमी चार हजार भरायचे, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. माझ्यासारख्यानं एवढे पैसे कुठून आणायचे? दोन वर्षांनी तो नियमच काढून टाकला.

बाई : आणि त्याच वेळी राज्याची बंदी आली.

दुकानदार : २३ मार्च २०१८ ची अधिसूचना. तीन महिन्यांची मुदत, मग २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा सापडलं तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. हा आकडा ऐकला त्या रात्री मला झोप लागली नाही. दुकानात पिशव्यांची दोन बंडलं होती. ती कुठं द्यायची हे सांगायला कुणी आलं नाही. पकडायला मात्र येणार होते.

बाई : बंदीमागं कारण होतं ना. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतून पिशव्यांचे ढीग निघाले होते. नंतर राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बंद केली. पण पातळ बंद, जाड चालू, असल्या नियमानं काही झालं नाही. म्हणून शेवटी सरसकट बंदी आली.

दुकानदार : आधी २०, मग ४०, मग ५०. केंद्रानं २०२१ मध्ये ७५ केलं आणि २०२२ संपता संपता १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या तराजूवर मोहरी मोजता येते, मायक्रॉन मोजता येत नाही. माल टाकणारा म्हणतो, "नियमातली आहे शेठ, बिनधास्त घ्या." उद्या तपासणी झाली तर तो सापडत नाही, मी सापडतो. आणि दुकानात वर बघा जरा. वेफर्स, शाम्पूच्या एक-एक रुपयाच्या पुड्या, गुटख्यासारख्या दिसणाऱ्या सुपाऱ्या, बिस्किटं, सगळं प्लास्टिकमध्ये. ते कंपनीनं भरलं म्हणून चालतं आणि माझी पिशवी तेवढी गुन्हा?

बाई : तुझा हा राग मला मान्य आहे. त्या पाकिटांची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांची, हे नियमात लिहिलंय. ते खरंच गोळा होतं का, हे गावात कुणी पाहत नाही. पण कंपनी तिचं काम करत नाही म्हणून तू तुझं सोडायचं, हे मला पटत नाही. तुझ्या हातात पिशवी आहे. पाकीट नाही.

दुकानदार : बरं, पिशवीवरच बोलू. पैसे मागितले की लोकांना आम्ही लुटतोय असं वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. मोठ्या दुकानांनी त्यांना ते शिकवलंय. पुण्यात मॉलमध्ये हजारोंचा कपडालत्ता घ्या, शेवटी काउंटरवर विचारतात, "बॅग हवी?" आणि बिलात दहा-पंधरा रुपये लागलेले असतात. वर त्या पिशवीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात. म्हणजे त्यांची जाहिरात आपण आपल्या पैशानं रस्त्यानं फिरवायची.

बाई : त्याबद्दल लोक कोर्टातही गेले. चंडीगडला एका माणसानं बाटाच्या दुकानातून बूट घेतले, त्याला कागदी पिशवीचे तीन रुपये लावले. त्यानं ग्राहक मंचात तक्रार केली. २०१९ मध्ये मंचानं बाटाला ९,००० रुपये भरायला सांगितलं. जाहिरात तुमची, मग पैसे ग्राहकानं का द्यायचे, असं मंचाचं म्हणणं होतं. पुढं बिग बझारचं प्रकरण राष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं. डिसेंबर २०२० मध्ये आयोगानं सांगितलं की ग्राहकाला आधी कल्पना न देता, पिशवीचा दर न दाखवता, सगळं सामान काउंटरवर आल्यावर पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुकानदार : बघा! मग मीही तेच करतोय. काल तो माणूस उठून गेला, त्याचं बरोबरच होतं म्हणायचं?

बाई : तुझं चुकलं ते एवढंच, की तू शेवटी मागितलेस. सामान बांधून झाल्यावर माणूस अडकलेला असतो. तेव्हा पाच रुपये मागितले की त्याला आपण फसलो असं वाटतं. दारात पाटी लावली असतीस, "पिशवी घरून आणा, नसेल तर पाच रुपये", तर तोच माणूस गाडीच्या डिकीतली पिशवी घेऊन आला असता. चीड रकमेची नसते रे. विचारलं नाही, सांगितलं नाही, याची असते.

दुकानदार : आणि ज्याच्याकडं गाडीही नाही आणि डिकीही नाही, त्याचं काय? संध्याकाळी सात वाजता कामावरून सुटलेले मजूर येतात. हिंजवडी-माणच्या बांधकामावरचे, पिरंगुटच्या कारखान्यांतले. कातकरी वस्तीतल्या बाया येतात. वीस रुपयांचं तेल, दहाची डाळ, पाचाची मिरची. त्यांनी सकाळी कामाला निघताना पिशवी घ्यायची आठवण ठेवायची? आणि हा पाऊस. ताम्हिणी घाटाकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. कागदी पिशवीत साखर दिली तर चौकात पोचेपर्यंत तिचा पाक होतो. पुण्याच्या सभागृहात बसून कागदी पिशवीवर भाषण करणं सोपं आहे, बाई. पौडच्या पावसात ती चालत नाही.

बाई : हे तू फार महत्त्वाचं बोललास. पैसे लावले की श्रीमंताला ते जाणवतच नाहीत. त्याला वाटतं, पैसे दिले, आता टाकायला मोकळा. आणि बोजा त्या वीस रुपयांच्या तेलावर पडतो. इंग्लंडमध्येही थोडं असंच झालं. २०१५ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुकानांत पिशवीला ५ पेन्स लावले. पातळ पिशव्या झपाट्यानं कमी झाल्या, पण जाड पिशव्यांचा खप वाढला. पुन्हापुन्हा वापरायची म्हणून घेतलेली पिशवीही लोक टाकून देऊ लागले.

दुकानदार : मग पैसे लावून उपयोग काय?

बाई : उपयोग होतो, तेही पाहिलंय. माझी लेक काही वर्षं डब्लिनला होती. तिथं ४ मार्च २००२ पासून प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा कर लागला. त्याआधी माणशी वर्षाला सव्वातीनशेच्या वर पिशव्या जात. कर लागल्यावर तो आकडा २१ वर आला. पुढं हळूहळू पुन्हा वाढायला लागला, तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट केला. लेक सांगायची, दुकानात कुणी पिशवी मागितली तर आजूबाजूचे बघतात.

दुकानदार : तिथं कुणी भांडलं नाही?

बाई : न भांडण्याची मला तीन कारणं दिसतात. एक, सगळ्या दुकानांत एकाच दिवशी, एकच दर. शेजारी फुकट देतोय, ही भीती कुणालाच नव्हती. दोन, ते पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जात नव्हते. सरकार ते पर्यावरणाच्या वेगळ्या निधीत ठेवत होतं, आणि हे लोकांना आधीपासून माहीत होतं. तीन, मासे, मटण, सुटी भाजी-फळं यांच्या छोट्या पिशव्यांना सूट होती. म्हणजे जिथं खरी अडचण, तिथं आडमुठेपणा नव्हता. आपल्याकडं या तिन्हीतलं एकही नव्हतं. म्हणून इथं तुझ्यासारख्याला गिऱ्हाइकाचा राग सोसावा लागतो.

दुकानदार : हे बरोबर बोललात. माझं गिऱ्हाईक विचारतं, "हे पाच रुपये जातात कुठं?" आणि माझ्याकडं उत्तर नसतं. जातात गल्ल्यातच. पिशवी मला साडेतीनला पडते.

बाई : दाखव बरं ती पिशवी.

दुकानदार : ही. कापडी आहे. प्लास्टिक मी कधीच बंद केलं.

(बाईंनी पिशवी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापड डोळ्यांजवळ नेलं.)

बाई : कापड म्हणतोस? यातून एक दोरा काढून दाखव. उभा नाही, आडवा नाही. कापड विणलेलं असतं, हे दाबलेलं आहे. हे बारीक बारीक ठिपके दिसतात ना, तिथं चिकटवलंय. थांब, मघाशी घेतलेली काड्यापेटी दे. एक कोपरा कापते.

(त्यांनी कापलेला तुकडा चिमट्यात धरला आणि काडी लावली. तुकडा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा थेंब फरशीवर पडला. जळक्या मेणासारखा वास आला. मग बाईंनी आपल्या सुती पिशवीची सुटलेली दशी पेटवली. ती शांतपणे जळली आणि बोटांत राख चुरगळली.)

दुकानदार : म्हणजे हेही प्लास्टिकच?

बाई : पॉलिप्रॉपिलीन. प्लास्टिकचीच एक जात. २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत असल्या न विणलेल्या पिशव्यांवरही बंदी होती. केंद्राच्या २०२१ च्या नियमात त्यांना निदान एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजन हवं, असं आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही ते प्लास्टिक असल्याचं माहीत आहे. माहीत नव्हतं ते तुला आणि तुझ्या गिऱ्हाइकाला.

दुकानदार : (बराच वेळ गप्प राहून) चार वर्षं मी लोकांना कापडी म्हणून पाच रुपये मागतोय. तो काल उठून गेला, आणि मी त्याला मनातल्या मनात अडाणी म्हटलं.

बाई : तुला फसवलं गेलं. आता कळलंय तेव्हा पुढचा विचार कर. तुझ्या वडिलांचं दुकान आठवतं?

दुकानदार : आठवतं की. वर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. रद्दीच्या कागदाचा तुकडा घ्यायचे, हाताला गुंडाळून कोन करायचे, खालचं टोक मुडपायचे. साखर ओतली की वरचा कागद आत दुमडायचा, दोऱ्याचे दोन वेढे, आणि बोटाला गुंडाळून झटका दिला की दोरा तुटायचा. पुडा उलटा केला तरी दाणा सांडत नसे. तेलाला बाटली घरून यायची, गळ्याला सुतळी बांधलेली. बाटली कुणाची, हे सुतळीवरून ओळखू यायचं. पण बाई, तो काळ गेला.

बाई : तो काळ परत आण, असं मी म्हणत नाही. पण बाटली घरून येत होती, कारण बाटलीला मोल होतं. आज पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे ना, १९९३ पासूनची कचरावेचकांची संघटना. त्या बायांना विचार, रस्त्यावरून काय उचलता? पाण्याची बाटली उचलतात, पुठ्ठा उचलतात, पत्रा उचलतात, कारण भंगारवाला त्याचे पैसे देतो. पातळ पिशवी शेकड्यानं गोळा करावी तेव्हा कुठं किलो भरतो, तोही चिखलानं माखलेला. मग ती कोण उचलणार? ज्याला भाव आहे, ते रस्त्यावर राहत नाही.

दुकानदार : म्हणजे पिशवीला भाव हवा, पण उलट्या बाजूनं. नेताना पैसे द्यायचे आणि आणून दिली की परत मिळायचे. सोड्याच्या बाटलीची अनामत असायची तशी.

बाई : २०१८ ला राज्यानं हेच सुचवलं होतं. दुधाच्या पिशवीला ५० पैसे, पाण्याच्या बाटलीला रुपया-दोन रुपये, परत दिली की पैसे परत.

दुकानदार : ते चाललं नाही. दुधाची पिशवी मी परत घेऊन करू काय? घेणारा कोण? माझ्या दुकानात तिचा वास येणार आणि पन्नास पैसे माझ्या खिशातून जाणार.

बाई : ती पिशवी तुझ्या कामाची नव्हती, म्हणून ते चाललं नाही. पण किराण्याची पिशवी परत आली तर?

दुकानदार : ती मी पुढच्याला देऊ शकतो. थांबा, हिशेब मांडू द्या. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी जुन्या साड्यांच्या, धोतरांच्या पिशव्या शिवल्या. शिलाई समजा पंधरा रुपये. शंभर पिशव्यांचे माझे दीड हजार अडकले. मी अनामत घेतली वीस. गिऱ्हाईक पिशवी परत देईल तर वीस परत. नाही देणार तर पिशवी त्याची, माझे पंधरा वसूल आणि वरचे पाच... ते मी ठेवायचे नाहीत.

बाई : का रे?

दुकानदार : नाहीतर तो पुन्हा विचारेल, पैसे जातात कुठं. ते पाच एका डब्यात टाकायचे, डब्यावर लिहायचं, आणि वर्षाच्या शेवटी ग्रामसभेत उघडायचा. ओढा साफ करायला द्या, नाहीतर आणखी पिशव्या शिवून घ्या. पण सगळ्यांसमोर. आणि मजुरांचं म्हणाल, तर त्यांना वीस रुपयेही अनामत मागायची नाहीत. नाव वहीत लिहून घेईन. उधारी देतो मी त्यांना, एक पिशवी उधार देणार नाही का?

बाई : आणि शेजारच्या दुकानानं फुकट दिली तर?

दुकानदार : तेवढं मला एकट्याला जमणार नाही. पेठेतल्या सगळ्या दुकानदारांनी एकाच दिवशी सुरू करायला हवं, आणि ते ग्रामपंचायतीनं घडवून आणायला हवं. २०१६ पासून कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे, हे मी मघाशी म्हटलंच. दंडाची पावती फाडायला येणाऱ्यानं आधी एकदा बैठक घ्यायला यावं.

बाई : मी दंडाच्या विरुद्ध नाही.

दुकानदार : आणि मी अजूनही म्हणतो की आधी या वर टांगलेल्या पाकिटांच्या कंपन्यांना धरा. तिथं आपलं जमणार नाही, बाई.

बाई : नको जमू दे. साखर भर या पिशवीत.

*

इथं संवाद संपतो. दोघांचा वाद मिटलेला नाही, मिटायलाही नको. बाईंना कायद्याचा धाक हवा आहे, दुकानदाराला धाकाआधी सोय हवी आहे. माझं मत मात्र या दोघांना ऐकत असताना पक्कं होत गेलं.

पिशवीला पैसे लावणं योग्य आहे. फुकट पिशवीची किंमत कुणीतरी मोजतच असतं, आणि मुळशीत ती ओढ्याखालचा भातशेतकरी, उकिरड्यावरची म्हैस आणि मुळेच्या काठचं पुढचं गाव मोजतं. पण पैसे लावायचे तर ते आधी सांगून, सगळ्या दुकानांत सारखे, आणि जातात कुठं हे दाखवून लावायला हवेत. हे तीन नसतील तर लोकांना राग येणारच, आणि तो राग न्याय्य आहे. त्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणून झिडकारू नये. सात वर्षांत दोनदा नियम करून, एक मागे घेऊन आणि त्याच वेळी बंदी आणून आपण दुकानदाराला शिपाई केलं, पण त्याला साधन दिलं नाही. कापडाच्या नावानं प्लास्टिकची पिशवी त्याच्या गळ्यात पडली, ती याच गोंधळातून.

ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. पौड, पिरंगुट, भूगाव, माण, घोटावडे, प्रत्येक गावाच्या पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय ठेवा : परत येणारी विणलेल्या कापडाची पिशवी, एक दर, एक तारीख, एक उघडा डबा. शिवायला बचत गट आहेत, घराघरांत जुन्या साड्यांची गाठोडी आहेत.

आणि वाचकांना एक सांगणं आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणीचा पाऊस पाहायला येताना गाडीत दोन सुती पिशव्या टाका. दुकानदारानं पिशवीचे पैसे मागितले तर चिडू नका, ते कुठं जातात हे जरूर विचारा. आणि जी पिशवी तो कापडाची म्हणून देईल, तिच्यातून एक दोरा काढून पाहा. दोरा निघाला नाही, तर ती घेऊ नका.